मुका मार

धक्का तसा काही फार नव्हता. कासुर्डीच्या अलीकडं कच्च्या वाटेवरून मेंढरांचा एक कळप अचानक हायवेवर चढला, सावळारामनं ब्रेकवर दोन्ही पायांचा भार टाकला, पिकअप रस्ता सोडून खाली उतरली आणि मैलाच्या दगडाला नाक लावून उभी राहिली. स्टेअरिंग छातीला टेकलं. टेकलं, असंच तो नंतर सगळ्यांना सांगत राहिला, जणू चालता चालता भिंतीला हात टेकावा तसं. खाली उतरून त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते मेंढरांकडं. एकाच्याही अंगाला लागलं नव्हतं. कळपामागचा धनगर काठी टाकून धावत आला, मामा, लागलं का म्हणाला. तर यानं त्यालाच फैलावर घेतलं, की मेंढरं रस्त्यावर घालायची तर एक माणूस पुढं नको का, तुझ्या बापानं एवढंही शिकवलं नाही का. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण मधेच थांबतोय आणि थांबलो की श्वास शोधतोय. धनगर पोरसवदा होता, मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या अंगाचा मेंढरांचा, ओल्या लोकरीचा वास आला आणि सावळारामचा राग तिथंच विरला. उरुळीला पेंड आणायला निघाला होता, ते सोडून त्यानं गाडी वळवली आणि न्हावऱ्याला घरी आला. घरी सांगितलं, पेंडीचं दुकान बंद होतं.

खोटं पचवायची त्याला सवय नव्हती, त्यामुळं ते दोन दिवसांत अंगावर उमटलं. आंघोळीला पाणी घालताना मुक्ताबाईनं त्याच्या छातीवरचा निळा-काळा पट्टा पाहिला, हातातला तांब्या खाली ठेवला आणि माऊलीला हाक मारली. माऊली म्हणजे त्यांचा थोरला. त्यानं गाडी काढली, आईबापाला बसवलं आणि दौंड गाठलं. दौंडचे डॉक्टर म्हातारे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून बोलणारे. त्यांनी छातीला वायरी लावून कागद काढला, मग जेली लावून पडद्यावर हृदय पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि सावळारामला म्हणाले, "मामा, पायाला मुका मार लागतो, पाठीला लागतो, तसा हृदयालाही लागतो. वरून काही दिसत नाही. तुमच्या हृदयाच्या भिंतीचा एक तुकडा नीट हलत नाहीये. स्टेअरिंगनं आत्ता झालंय की आणखी काही, ते इथं कळायचं नाही. मोठी शीर फाटली नाही ना, तेही बघायला हवं. पुण्याला एमआरआय करा." आणि तोवर? तोवर गाडी चालवायची नाही. वाटेतच काही झालं तर तुम्ही जाल आणि दुसऱ्यालाही न्याल. भिंत खरंच दुखावलेली निघाली तर मात्र स्टेअरिंग कायमचं विसरा. हे ऐकून तो पडद्याआड सदरा घालायला गेला. पलीकडं मुक्ताबाई डॉक्टरांशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. पथ्याचं विचारत असेल, असं त्याला वाटलं. बाहेर आला तोवर किल्ली माऊलीच्या खिशात गेली होती.

मरणाचं त्याला फारसं काही वाटलं नाही, खरंच नाही. वाटलं ते किल्लीचं. पहाटे उठावं, मुक्ताबाईनं धारा काढाव्यात, वस्तीवस्तीवरच्या दुधाच्या किटल्या गोळा करत न्हावऱ्यातून निघावं, उसातून येणारं गार वारं खिडकीतून अंगावर घ्यावं, चौफुल्याला चहा, दौंडच्या रेल्वे फाटकात मालगाडी आडवी आली की तिचे डबे जाईपर्यंत बिडी. आणि रिकाम्या किटल्या वाजवत परत. इतकंच त्याचं आयुष्य, आणि त्याला ते साखरेसारखं गोड लागत होतं. गावात चारचौघं चिडवायचे, की सावळ्या नशीबवान, किटली बायको उचलती, पेंडीचं पोतं बायको उचलती, ह्यो नुसता चाकावर बसून मोकळा. त्याला त्याचा राग येत नसे. मुक्ताबाईचा स्वभावच तसा, जड वस्तूला तिनं त्याला कधी हात लावू दिला नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून. सुरुवातीला तो भांडला, मग त्याला त्याची चैन वाटू लागली. आणखी एक गोष्ट होती, जी तो कुणाला सांगत नसे. रोज पहाटे धारेला उठण्याआधी ती घटकाभर डोकं त्याच्या छातीवर टेकून पडायची. न बोलता. पोरं झाली, सुना आल्या, केस पिकले, पण तो नेम चुकला नाही. भांडण झालेल्या दिवशीसुद्धा. पारावर लोक आपापल्या बायकांच्या तक्रारी करत तेव्हा तो गप्प बसून मनातल्या मनात मिशीला पीळ भरायचा.

पुण्याच्या त्या सेंटरात सगळं पांढरं आणि थंड होतं. मुक्ताबाईला कुणीतरी सांगितलं होतं की मशिनीच्या खोलीत माघातली थंडी असते, म्हणून तिनं घरातलं जुनं काळं घोंगडं घडी करून काखेत आणलं होतं. ते पाहून रांगेतल्या शहरी बायका जरा सरकून बसल्या. आतून एक मुलगी आली, हर्षदा नाव तिचं, पांढऱ्या कोटावर लावलेलं. बोलण्यावरून ओळखू आली तशी मुक्ताबाईनं गाव विचारलं, तर त्यांच्याच भागातल्या केंदूरची निघाली. मग काय, मामा-मामी सुरू झालं. तिनं सावळारामला बाजूला घेऊन विचारलं, की मामा, आतमध्ये लई मोठं लोहचुंबक आहे, धातूची वस्तू चालत नाही. अंगात कुठं सळई, स्क्रू, छातीत मशीन बसवलेलं? नाही. अंगावर काही? कानातली बाळी, बोटातली अंगठी, घड्याळ, सगळं त्यानं आधीच मुक्ताबाईच्या पिशवीत टाकलं होतं. तो म्हणाला, काही नाही. आणि ते तो अगदी खऱ्या मनानं म्हणाला. कपडे बदलून, मागून नाड्या बांधायचा तो हिरवा झगा घालून आला तेव्हा हर्षदानं धातू शोधायची दांडी त्याच्या अंगावरून फिरवली. कमरेशी दांडी किंचाळली.

हर्षदा त्याच्याकडं बघत राहिली. तो तिच्याकडं. मग त्याचा हात आपोआप कमरेकडं गेला आणि तो लाजला. चांदीचा करदोडा. तो त्याला कधी दागिना वाटलाच नव्हता, वस्तूही नाही. हाताला बोटं तसा कमरेला करदोडा. तो असला की माणूस उघडा असूनही नागवा नसतो. नदीत पोहताना, आजारपणात, लग्नाच्या हळदीत, तो कमरेलाच होता. पोरवयात आबानं, म्हणजे त्याच्या बापानं, शिरूरच्या सोनाराकडून तो करून घातला होता, अंग भरत गेलं तशा कड्या वाढवल्या होत्या, आणि एकदा आकडा तुटला तेव्हा सोनारानं तो कायमचा जोडूनच टाकला. काढायचा तर तोडावाच लागणार. हर्षदा म्हणाली, पक्कड आहे, एका मिनिटाचं काम. सावळाराम भिंतीला पाठ लावून उभा राहिला. छाती बोगद्यात घालायला तो तयार होता, शिरेत औषध टोचायला तयार होता, पण हे नाही. जित्या माणसाचा करदोडा तोडत नाहीत. आबाचा त्यानं स्वतः तोडला होता, सरणावर ठेवण्याआधी, काळा दोरा, विळ्याच्या टोकानं. त्या दोऱ्याचा तुटताना झालेला बारीकसा आवाज त्याला आत्ता, त्या थंड खोलीत, ऐकू आला.

"मामा, कळतंय मला," हर्षदा हळूच म्हणाली. "आमच्याकडंबी आधी नवा बांधत्यात, मग जुना काढत्यात. पण मागं पेशंट बसलेत. दोरा आणायला वेळ न्हाई."

तिनं दार किलकिलं करून मुक्ताबाईला सांगितलं. मुक्ताबाईनं एका क्षणात सगळं समजून घेतलं. घोंगड्याची किनार उलटी केली, दातानं एक गाठ सोडवली आणि काळ्या लोकरीचा लांब धागा ओढून काढला. एक पुरेना म्हणून आणखी काढला. मग तिथंच बाकड्यावर बसून, शहरी बायका बघत असताना, मांडीवर तळहातानं त्यांना पीळ भरला. ते घोंगडं आबाचं. त्यांच्या स्वतःच्या कळपाच्या शेवटच्या कातरणीची लोकर त्यात होती. त्यानंतर घरात मेंढरू उरलं नाही. कपडे बदलायच्या खोलीत येऊन तिनं तो दोरा त्याच्या कमरेभोवती घेतला, गाठ मारली, ओढून पाहिली, आणि हर्षदाला म्हणाली, आता तोड. पक्कड वाजली. चांदी मुक्ताबाईच्या ओंजळीत पडली. सावळारामला अंग एकदम हलकं झाल्यासारखं वाटलं, आणि कमरेला लोकर टोचू लागली. त्या टोचण्यानं त्याला बरं वाटलं.

बोगदा अरुंद होता. छातीवर वायरी, दंडात सुई, कानांवर गादीचे तुकडे, हातात रबरी फुगा. घाबरलात तर दाबा, हर्षदा म्हणाली होती. नाकापासून वीतभर अंतरावर छत. कानात तिचा आवाज आला, श्वास घ्या, सोडा, आता थांबा. तो थांबला. मग ठोकायला सुरुवात झाली. आधी दारावर थापा माराव्यात तसं, मग मळणीयंत्रात दगड गेल्यासारखं. श्वास घ्या. त्यानं घेतला. त्याला पहिल्यांदा भीती वाटली ती आवाजाची नाही, त्या थांबण्याची. थांबल्यावर छातीच्या आत काय चाललंय ते ऐकू येत होतं. एरवी माणूस आपल्या हृदयाकडं कुठं लक्ष देतो; ते घरच्या बैलासारखं आपलं काम करत असतं. आता ते कानाशी येऊन चालत होतं, आणि मधेच, हो, मधेच एक पाऊल चुकत होतं. चुकत होतं की त्याला वाटत होतं? सोडा. थांबा. दंडातून काहीतरी गार वर चढत गेलं, हर्षदानं औषध सोडलं असणार, ते खांद्यात आलं, छातीत उतरलं, आणि त्या गारव्याच्या वाटेवर त्याला एडका दिसला.

एडका चांगलाच दिसला. दोन्ही शिंगांना पीळ, कपाळावर पांढरा ठिपका, डोळे पिवळे. सावळाराम तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेल. घोड नदीच्या काठी, कुणाच्या तरी वावरात मेंढरं बसवली होती, लेंडीखतासाठी. दुपार होती, आणि तो एडक्याच्या समोर वाकून, दोन बोटं कपाळाला लावून, त्याला खिजवत होता. एडका चार पावलं मागं सरला. मागं सरलेला एडका म्हणजे काय हे धनगराच्या पोराला पाळण्यात कळतं, पण त्या दिवशी त्याला हसूच येत होतं. मग हसू नव्हतंच. आभाळ होतं. फार मोठं, पांढरं, आवाज नसलेलं आभाळ, आणि त्यात श्वास कुठंच नव्हता. दुखत नव्हतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. मग आभाळाच्या जागी आबाचं मुंडासं आलं. तंबाखूचा वास, घामाचा वास. आबानं त्याला घोंगड्यावर ठेवलं आणि छातीवर कान टेकला. मुंडाशाचा शेव हनुवटीला गुदगुल्या करत होता. आई, रतनबाई, कुठंतरी लांबून हाका मारत होती, आणि आबा हात वर करून तिला गप्प राहायला सांगत होता. आबानं कान उचललाच नाही. मेंढरं पांगली, ऊन कललं, तरी उचलला नाही. सावळारामला श्वास आला, तहान लागली, कंटाळासुद्धा आला, तरी आबा आपला कान लावून पडलेला.

श्वास घ्या, म्हणाली हर्षदा. सोडा. थांबा.

त्या साली दिवाळीनंतर धनगरांचा वाडा कोकणात उतरायला निघाला. घोडी लादली, कोंबड्या डाल्यात घातल्या, कुत्री पुढं धावली, आणि आबानं सगळा कळप पुतण्याच्या, म्हस्कूच्या हवाली केला. स्वतः न्हावऱ्यात राहिला, बायकोपोरासह. सावळाराम म्हणाला, मी तरी जातो म्हस्कूबरोबर. आबा म्हणाला, "तू न्हाई. मेंढरामागं चालनं तुझ्याच्यानं व्हनार न्हाई." बस, एवढंच. एडक्यानं दिलेली धडक तो विसरला, पण हे वाक्य विसरला नाही. हसत्याखेळत्या पोराला बापानं नापास केलं होतं. आबानं नांगर हातात धरला तेव्हा सगळा गाव हसला; मेंढक्यानं काढलेलं तास, बकरी चालल्यासारखं वाकडं. कालवा येणार अशी तेव्हा नुसती बोलवा होती. पुढं खरंच पाणी आलं, ऊस उभा राहिला, आणि तेच लोक आबाबद्दल म्हणू लागले, तात्याबा लई लांबचं बघनारा मानूस. सावळारामही लोकांत तेच म्हणायचा. पण आत कुठंतरी एक पोरगं रुसून बसलं होतं. शाळेत आबानं मास्तरांना सांगून ठेवलं होतं, याला पळवायचं नाही. मग इतर पोरं हुतूतू खेळायची आणि हा गुण मांडायचा. नांगर धरू दिला नाही, मोट हाकू दिली नाही. गाडी शिकला तेव्हा मात्र आबा काही बोलला नाही. सावळारामला वाटलं होतं, बघ आबा, तुझ्या मेंढरांनी पायी तुडवला नसेल एवढा मुलूख मी चाकावर तुडवतो. म्हाताऱ्यानं फक्त मान हलवली आणि गाडीच्या टायरला हात लावून पाहिला.

आणि ती पहाटेची गोष्ट. मिसरूड फुटण्याच्या वयात एकदा त्याला अर्धवट जाग आली तेव्हा तंबाखूचा वास अगदी जवळ होता. आबा त्याच्या छातीवर वाकला होता. सावळाराम डोळे मिटून पडून राहिला. नुकतीच चोरून बिडी ओढायला लागला होता, म्हातारा वास घेतोय, असं त्याला वाटलं. मग ते पुन्हा झालं, आणि पुन्हा. तेव्हापासून तो झोपण्याआधी बडीशेप खायला लागला. बोगद्यात पडल्या पडल्या त्याला त्याचं हसू आलं आणि कानात हर्षदा रागावली, की मामा, हलू नका, फोटो बिघडतो.

बाहेर आल्यावर त्याला वाटलं, आपण फार लांबचा प्रवास करून आलो. मुक्ताबाईनं घोंगडं अंगावर टाकलं. माऊली चहा घेऊन आला. दुपार गेली. माऊली नखं खात बसला होता आणि सावळाराम त्याच्या खिशाकडं बघत होता, जिथं किल्लीचा उंचवटा दिसत होता. त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, डॉक्टर नाही म्हणाले तर गाडी विकायची नाही, माऊलीनंच चालवायची, आपण शेजारी बसायचं. शेजारी बसणं काही वाईट नसतं.

पुण्याचे डॉक्टर तरुण होते. पडद्यावर काळं-पांढरं चित्र उघडून त्यांनी पेनाच्या टोकानं दाखवलं. ही मुख्य धमनी, छान आहे, कुठं फाटलेली नाही. हे हृदय, धडधडताना दिसतंय बघा. सावळारामनं पाहिलं. त्याचंच हृदय त्याच्यासमोर मूठ उघडझाप करत होतं, बिचारं, कुणी बघतंय हे माहीत नसताना. ताजा मार लागला असता तर इथं सूज दिसली असती, पाणी धरल्यासारखी, डॉक्टर म्हणाले; सूज अजिबात नाही. पण ही इथं, पांढरी रेघ दिसते? हा व्रण आहे. जुना. फार जुना. याच्यामुळंच तुमचं ठोक्यातलं चुकणं आहे, आणि ते तुम्हाला लहानपणापासून असणार. "तुमच्या मिसेसनी दौंडच्या सरांना सांगितलं होतं, तसंच निघालं. त्यांनी चिठ्ठीतच लिहिलंय, लहानपणी एडक्याची धडक, वडिलांना तेव्हाच ठोका चुकताना ऐकू आला होता. त्यामुळं आम्हाला जुनं आणि नवं वेगळं करून बघता आलं."

सावळारामनं वळून मुक्ताबाईकडं पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत पडद्याकडं बघत होती.

"मग गाडी?" माऊलीनं विचारलं.

"चालवू द्या की. पट्टा लावून. हा व्रण घेऊन माणूस इतकी वर्षं जगलाय, आणखी जगेल. ओझं जरा बेतानं, बाकी काही नाही."

खाली आल्यावर माऊलीनं खिशातून किल्ली काढली आणि बापाच्या तळहातावर ठेवली. सावळारामनं मूठ मिटली, पण त्याचं मन किल्लीवर नव्हतं. गाडीत बसला, सीटच्या फटीत वर्षानुवर्षं अडकून पडलेला पट्टा ओढून काढला, धुळीचा लोट उठला, लावला. हडपसर मागं पडलं. त्याच्या डोक्यात ते वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, तुझ्याच्यानं व्हनार न्हाई, आणि प्रत्येक वेळी ते वेगळ्या आवाजात येत होतं. इतकी वर्षं तो आवाज त्याला कडक वाटला होता. आता त्यात भ्यालेला माणूस ऐकू येत होता. पिढ्यान् पिढ्या पायाखाली वाट घेऊन हिंडलेला माणूस पोराच्या छातीला कान लावतो, आत काहीतरी अडखळताना ऐकतो, आणि त्याच दिवाळीला कळप देऊन टाकून जागच्या जागी बसतो. वाकडी तासं काढतो. लोकांचं हसू पोटात घालतो. कालव्याबिलव्याचा त्यात काही संबंध नव्हता. सावळारामला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते एक मोठं, भरलेलं समाधान, छातीच्या त्या पांढऱ्या रेघेपासून कमरेच्या लोकरीच्या धाग्यापर्यंत. आत रुसून बसलेलं पोरगं उठून बाहेर आलं होतं.

"तुला कुणी सांगितलं हुतं?" त्यानं विचारलं.

"सासूबायनी. लगीन झालं त्याच साली," मुक्ताबाई म्हणाली. "जड उचलू द्यायचं न्हाई म्हनल्या, आन् त्याला सांगायचं न्हाई."

"का?"

"सांगितलं असतं तर जल्मभर छातीवर हात ठिवून बसला असता. मामंजी म्हनायचं, मार बाजूला ऱ्हातो, भ्या मान्साला खातंय."

उरुळीला त्यानं गाडी पेंडीच्या दुकानासमोर घेतली. त्या दिवशी राहिलेलं काम. हमालानं पोतं पुढं केलं तशी मुक्ताबाई सवयीनं पुढं झाली, पदर खोचला. सावळारामनं एक टोक धरलं. ती थांबली. माऊली पुढं येत होता, त्याला तिनं नजरेनं अडवलं, आणि दोघांनी मिळून पोतं गाडीत टाकलं. पुढं कासुर्डी आली. वाकलेला मैलाचा दगड अजून तसाच होता. रस्त्यावर मेंढरं नव्हती, तरी त्यानं गाडी हळू केली, आणि तेव्हाच त्याला आणखी एक गोष्ट सुचली, आणि सुचल्याबरोबर त्याचे कान तापले. आबा पहाटे वाकायचा ते बिडीच्या वासासाठी नव्हे. मग मुक्ताबाई?

"म्हंजी तू रोज पहाटं," त्यानं सुरू केलं, मधे माऊली बसला आहे हे आठवलं, आणि तो अडकला. "त्ये त्याच्यासाठी हुतं व्हय?"

मुक्ताबाई खिडकीबाहेर बघत होती. "फुडं बघून चालवा," ती म्हणाली.

त्याला फसवल्यासारखं वाटलं. चौफुला येईपर्यंत तो मनातल्या मनात कुरकुरत होता. सगळ्या न्हावऱ्यात नसेल अशी आपली बायको, असं आपण मिरवत होतो, आणि ती आपली रोज ठोका मोजत होती, दूध मोजावं तसा. मग त्याचं त्यालाच हसू आलं. रात्री जेवताना त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. चांदीचा करदोडा तिनं डब्यात ठेवला होता, सोनाराकडून जोडून आणायचा म्हणाली. तो म्हणाला, राहू दे, नातवाला कर, मला लोकरीचा बरा आहे.

पहाटे नेहमीच्या वेळी जाग आली. गोठ्यात गाय हंबरली. शेजारी मुक्ताबाई उठून बसली, केसांची गाठ मारली. सावळाराम डोळे मिटून पडून राहिला. आता पट्टीच्या डॉक्टरनं आतलं सगळं पाहून सांगितलं होतं, ऐकायचं काही उरलं नव्हतं. ती आता उठेल, धारेची कासंडी घेईल, जाईल, असा त्याचा अंदाज होता, आणि त्या अंदाजानं तो उगाच खट्टू झाला होता. गाय पुन्हा हंबरली. मुक्ताबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. ती खाली वाकली, डोकं त्याच्या छातीवर टेकलं, आणि रोजच्यापेक्षा जास्त वेळ तशीच पडून राहिली.